तांबड्याकडे सरकलेल्या रेषा

आजाऱ्यांना भेटावयास इस्पितळात जाणे हा धर्मगुरूच्या नित्यक्रमाचाच भाग. तेथे उशीखाली जपून ठेवलेल्या फाइली आमच्या हाती हटकून दिल्या जातात. फादर इंग्रजी वाचतात, तेव्हा रोगातलेही त्यांना काही कळत असावे, असा नातलगांचा भाबडा समज! या फाइलींतून एक शब्द वारंवार भेटतो : 'कलर डॉपलर'. हृदयाच्या झडपा, मानेतल्या रक्तवाहिन्या, पायांतल्या शिरा, गर्भातले बाळ, या साऱ्यांच्या तपासणीत तो येतो. आमच्या धर्मग्रामात असे घर क्वचितच सापडेल, जेथे हा शब्द एकदा तरी उच्चारला गेला नाही. पण डॉपलर हे एका माणसाचे नाव आहे, आणि त्या माणसाच्या मनात त्या वेळी रक्त नव्हते, रोगही नव्हता. तारे होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

ख्रिस्तियान डॉपलर हे ऑस्ट्रियातील साल्झबर्ग गावच्या एका पाथरवटाचे चिरंजीव. प्रकृती तोळामासा, म्हणून वडिलांच्या छिन्नी-हातोड्यापासून सुटका झाली आणि ते गणिताकडे वळले. प्राग शहरात अध्यापक असताना 1842 साली त्यांनी तेथील विद्वत्सभेपुढे एक निबंध वाचला. त्याचे सूत्र साधे होते. तरंग सोडणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर तिचे तरंग दाटीवाटीने आपल्यापाशी पोहोचतात, आणि ती दूर जात असेल तर ते विरळ होऊन पोहोचतात.

याचा अनुभव आपण रोज घेतो. आमच्या चर्चपासून रेल्वेचे रूळ फार दूर नाहीत. गुजरातकडे जाणारी, आमच्या स्थानकावर न थांबणारी गाडी भोंगा वाजवीत येते तेव्हा तो आवाज चढा असतो; इंजिन समोरून निघून गेले की त्याच क्षणी तो खाली उतरतो. गाडीचा वेग ताशी शंभर किलोमीटर धरला, तर येतानाच्या आणि जातानाच्या सुरांत पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून जवळजवळ तीन पट्ट्यांचे अंतर पडते. इंजिनचालकाला मात्र भोंगा एकाच सुरात ऐकू येत असतो.

या सिद्धान्ताची पहिली परीक्षाही रुळांवरच झाली. 1845 साली हॉलंडमध्ये बायस बॅलट नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने उत्रेख्त आणि मार्सेन या गावांदरम्यान इंजिनामागे एक उघडी वाघीण जोडली, तीत तुतारीवादक बसविले आणि रुळांच्या कडेला तयार कानाचे संगीतकार उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न बर्फवृष्टीने हाणून पाडला. जूनमध्ये तो साधला. मौज अशी, की बायस बॅलट यांना डॉपलरांच्या म्हणण्याविषयी शंका होती म्हणूनच त्यांनी हा खटाटोप आरंभिला होता. ध्वनीच्या बाबतीत डॉपलर खरे ठरले. मात्र ताऱ्यांचे निरनिराळे रंग त्यांच्या गतीमुळेच दिसतात, हा डॉपलरांचा दावा टिकला नाही. ताऱ्याचा रंग ठरतो तो त्याच्या तापमानावरून.

मग ताऱ्याची गती कळावी कशी? येथे प्रकाशाची आणखी एक खूण कामी आली. सूर्यप्रकाश लोलकातून काढला की त्याचा सप्तरंगी पट्टा होतो, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. जर्मनीतील फ्राउनहोफर यांनी 1814 मध्ये तो पट्टा बारकाईने पाहिला, तेव्हा त्यात शेकडो बारीक काळ्या रेषा आढळल्या. या रेषा म्हणजे मूलद्रव्यांच्या सह्या आहेत, हे 1859 मध्ये किर्कहोफ आणि बुन्सेन यांनी दाखवून दिले. हायड्रोजनच्या रेषा ठरलेल्या जागी, सोडियमच्या त्यांच्या जागी, लोहाच्या त्यांच्या. सही पृथ्वीवर असो वा व्याधाच्या ताऱ्यावर, वळण तेच. आता एखाद्या ताऱ्याच्या वर्णपटात साऱ्या सह्या ओळखू येत आहेत, पण सगळ्याच मिळून किंचित तांबड्याकडे सरकल्या आहेत असे दिसले, तर तारा दूर जातो आहे; जांभळ्याकडे सरकल्या असतील तर जवळ येतो आहे. फ्रान्सचे फिझो यांनी ही दृष्टी 1848 मध्येच दिली होती. हिशेबही अवघड नाही. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. रेषा आपल्या तरंगलांबीच्या हजाराव्या भागाने सरकली, तर ताऱ्याचा वेग प्रकाशवेगाच्या हजाराव्या भागाइतका, म्हणजे सेकंदाला तीनशे किलोमीटर.

(इस्पितळातले यंत्र याच्या नेमके उलट रंग वापरते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. तेथे यंत्राकडे येणारे रक्त तांबडे दाखवितात आणि दूर जाणारे निळे. तो केवळ वैद्यांनी ठरविलेला संकेत आहे. आकाशातले तांबडे-निळे कोणी ठरविलेले नाही.)

या कामाच्या आरंभी एक येशूसंघीय धर्मगुरू भेटतात, त्यांना ओलांडून पुढे जाववत नाही. फादर आंजेलो सेक्की यांनी रोममध्ये संत इग्नेशियस चर्चच्या छपरावर वेधशाळा उभारली. त्या चर्चवर भव्य घुमट बांधावयाचा होता, तो कधी झालाच नाही. घुमटासाठी रचलेल्या भक्कम आधारांनी मग दुर्बिणीचा भार पेलला. खाली मिस्सा चालावी आणि वर वर्णपट पाहिले जावेत! सेक्कींनी सुमारे चार हजार ताऱ्यांचे वर्णपट पाहून त्यांची प्रकारवार विभागणी केली. त्यांच्याच काळात, 1868 मध्ये, इंग्लंडचे विल्यम हगिन्स यांनी व्याधाची रेषा सरकल्याचे जाहीर केले आणि तो आपल्यापासून दूर जात असल्याचा निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात व्याध सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास वेगाने जवळ येत आहे. पद्धत अचूक होती, डोळा अपुरा पडला. वीसेक वर्षांनी जर्मनीत पोट्सडॅम येथे छायाचित्राची काच डोळ्याच्या जागी आली आणि मोजमापे भरवशाची झाली.

यापुढची कथा अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाची. फ्लॅगस्टाफ येथील लोवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर नावाचे एक अबोल गृहस्थ काम करीत. आकाशात चक्राकार तेजोमेघ दिसत. ते आपल्याच तारकासमूहातले वायूचे ढग आहेत की दूरची स्वतंत्र विश्वे, याचा निर्णय तेव्हा झालेला नव्हता. त्यांचा प्रकाश इतका मंद, की एका वर्णपटासाठी छायाचित्राची काच तासन् तास, कधी रात्रीमागून रात्र, दुर्बिणीला लावून ठेवावी लागे. 1912 च्या हिवाळ्यात स्लायफरांनी देवयानीचा तेजोमेघ असा टिपला. रेषा निळ्याकडे सरकलेल्या होत्या आणि वेग निघाला सेकंदाला तीनशे किलोमीटर, आपल्या दिशेने! तोवर एवढा वेग कोणत्याही ताऱ्याचा मोजला गेला नव्हता. त्यांनी इतर तेजोमेघांकडे दुर्बीण वळविली. 1917 पर्यंत पंचवीस झाले. त्यांतले एकवीस दूर जाणारे निघाले. देवयानी हाच अपवाद ठरला होता.

इतक्या दूरच्या वस्तू जवळजवळ साऱ्याच आपल्यापासून पळत का असाव्यात? आपल्यात असे काय वाईट आहे?

उत्तरासाठी अंतरे हवी होती. ती कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांनी मिळविली. हे तेजोमेघ म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच स्वतंत्र दीर्घिका आहेत, हे त्यामुळे सिद्ध झाले. हबल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्यासाठी सर्वांत मंद दीर्घिकांचे वर्णपट ज्यांनी मिळविले ते मिल्टन ह्युमसन आठवीनंतर शाळा सोडलेले, त्याच डोंगरावर खेचरांच्या पाठीवरून सामान नेणारे आणि पुढे त्याच वेधशाळेत झाडलोट करणारे होते. आमच्या धर्मग्रामातील ज्या मुलांच्या गुणपत्रिका घरी लपविल्या जातात, त्यांच्यासाठी हे नाव मुद्दाम लिहिले आहे.

आणि मग बेल्जियम. जॉर्ज लमेत्र पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले, त्यानंतर सेमिनरीत गेले आणि 1923 मध्ये त्यांना कार्डिनल मर्सिये यांच्या हस्ते गुरुदीक्षा मिळाली. केंब्रिजला एडिंग्टन यांच्याजवळ आणि पुढे अमेरिकेत शिकून ते लूव्हाँच्या विद्यापीठात शिकवू लागले. आइन्स्टाइन यांच्या समीकरणांतून विश्व स्थिर राहू शकत नाही, ते प्रसरण पावत असले पाहिजे, असे त्यांना दिसले. त्यांनी स्लायफरांचे वेग आणि हबल यांची अंतरे एकत्र मांडली, बेचाळीस दीर्घिकांचा हिशेब केला आणि 1927 मध्ये निष्कर्ष लिहिला : जी दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा दूर जाण्याचा वेग अधिक. प्रसरणाचा दरही त्यांनी काढला. निबंध फ्रेंचमध्ये, ब्रुसेल्सच्या एका नियतकालिकात छापला गेला आणि फारसा कोणी वाचला नाही. त्याच वर्षी त्यांची आइन्स्टाइनशी भेट झाली. गणित बिनचूक आहे, पण भौतिकशास्त्र अगदीच न पटणारे, असा अभिप्राय मिळाला.

दोन वर्षांनी, 1929 मध्ये, हबल यांनी हाच संबंध चोवीस दीर्घिकांच्या आधारे प्रसिद्ध केला आणि तो त्यांच्या नावाने रूढ झाला. लमेत्र यांच्या निबंधाचे 1931 साली इंग्रजी भाषांतर निघाले, तेव्हा त्यातून दराचा तो उतारा गळलेला होता. पुढे अनेकांनी त्यात कट पाहिला. मात्र 2011 साली पुढे आलेल्या पत्रावरून उलगडा झाला : भाषांतर लमेत्र यांनी स्वतः केले होते आणि आता अधिक चांगली मोजमापे उपलब्ध आहेत म्हणून तो भाग त्यांनीच वगळला होता. श्रेयासाठी त्यांनी कधी भांडण मांडले नाही. 2018 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाने मतदान घेऊन त्या नियमाला 'हबल-लमेत्र नियम' म्हणावे अशी शिफारस केली.

येथे एक सूक्ष्म गोष्ट समजून घ्यावयास हवी, कारण पुष्कळ लेखांतून ती निसटते. भोंगा वाजविणारी गाडी रुळांवरून धावते. रूळ जागच्या जागी असतात. दूरच्या दीर्घिकांचे तसे नाही. तेथे अवकाशच ताणला जातो. नाताळच्या केकचे मिश्रण ओव्हनमध्ये फुगू लागले की त्यातल्या मनुका एकमेकींपासून दूर होतात. पण कोणतीही मनुका पीठ कापीत पुढे गेलेली नसते. कोणत्याही मनुकेवर बसून पाहिले तरी बाकीच्या साऱ्या आपल्यापासून पळताहेत असेच दिसेल, आणि जितकी दूरची तितकी वेगाने. म्हणून आपल्यात वाईट काही नाही, विशेषही काही नाही. प्रकाशाचा तरंग वाटेत असताना अवकाश ताणला गेला की तरंगही ताणला जातो. लांब तरंग म्हणजे तांबडा तरंग. 2024 साली जाहीर झालेल्या एका दीर्घिकेचा प्रकाश जेम्स वेब दुर्बिणीने टिपला, तो पंधरा पटींनी ताणलेला होता. विश्वाचे वय तीस कोटी वर्षांहूनही कमी असताना तो निघाला होता. आज ते वय सुमारे 1,380 कोटी वर्षे आहे.

प्रसरण होत आहे, तर मागे जाता जाता सारे एकवटलेले असले पाहिजे. लमेत्र यांनी 1931 मध्ये तेही मांडले. त्यालाच पुढे महास्फोट म्हणू लागले.

आता आम्ही हे सारे का लिहीत आहोत, ते सांगतो. आमच्या धर्मग्रामात एक मुलगी आहे, पदव्युत्तर वर्गात भौतिकशास्त्र शिकणारी. तिने रविवारच्या मिस्सेला येणे थांबविले. तिची आई आमच्याकडे आली, "फादर, तुम्हीच समजवा तिला. बाहेरून आलेल्या त्या प्रवचनकारांचं काहीतरी तिच्या मनाला लागलंय." आम्ही भेटलो. ती शांतपणे म्हणाली, "फादर, ते म्हणाले की विज्ञानानं आता उत्पत्तीचं पुस्तक सिद्ध केलं. महास्फोट म्हणजेच देवाचा शब्द. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उद्या हा सिद्धान्त बदलला, तर हे लोक काय करतील? देवालाही बदलतील?"

प्रश्न उद्धट नव्हता. आम्ही तिला सांगितले ते लमेत्र यांचेच चरित्र. 1951 च्या नोव्हेंबरात पोप बारावे पायस यांनी विज्ञान अकादमीपुढे भाषण केले आणि आधुनिक विज्ञान सृष्टीच्या त्या आरंभक्षणाची जणू साक्ष देत आहे, असा सूर लावला. जगभरच्या कॅथलिकांना आनंद झाला. ज्यांच्या सिद्धान्तामुळे तो झाला, ते मॉन्सिन्योर लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. व्हॅटिकन वेधशाळेचे येशूसंघीय संचालक फादर ओ'कॉनेल यांच्यामार्फत त्यांनी आपले म्हणणे वरपर्यंत पोहोचविले, असे चरित्रकार सांगतात. पुढच्या सप्टेंबरात रोममध्ये जमलेल्या खगोलशास्त्रज्ञांपुढे पोपमहोदय बोलले, तेव्हा तो सूर नव्हता. आपला सिद्धान्त कोणत्याही धार्मिक प्रश्नाच्या बाहेर आहे, असे लमेत्र अखेरपर्यंत म्हणत राहिले. तो मानणारा नास्तिक राहू शकतो आणि भाविकही. वर्णपटातील रेषा दीर्घिकेचा वेग सांगते. मुळात काही असावेच का, हे ती सांगत नाही, आणि तिला तसे विचारणेही योग्य नाही.

ही सावधगिरी ख्रिस्तसभेला नवी नाही. संत ऑगस्टीन यांनी उत्पत्तीच्या पुस्तकावरील भाष्यात बजावून ठेवले होते, की आकाश, तारे आणि त्यांच्या गतींविषयी ख्रिस्ती माणसाने पवित्र शास्त्राच्या आधारे भलतेच काही बोलू नये. जाणकार हसतील, आणि मग पुनरुत्थानाविषयी आपण बोलू तेव्हा ते का ऐकतील? व्यासपीठावरून सहज टाळी घेणाऱ्या प्रत्येक प्रवचनकाराने हे वाचावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्हीही त्यात आलोच.

आणि सिद्धान्त वादातीत नसतात, हे तर आपल्या महाराष्ट्राला चांगलेच ठाऊक असावयास हवे. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर आयुष्यभर दुसरी बाजू मांडली. प्रसरण त्यांना मान्य होते, आरंभाचा स्फोट मान्य नव्हता. विश्व सदाचेच आहे आणि प्रसरणाने पडणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते, असे ते म्हणत. 'बिग बँग' हे नाव हॉइल यांनीच 1949 मध्ये आकाशवाणीवरील भाषणात दिले होते. बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल विरुद्ध गेला तरी 2025 च्या मे महिन्यात निधन होईपर्यंत नारळीकरांनी आपले आक्षेप सोडले नाहीत, आणि त्यामुळे विज्ञानाचे नुकसान झाले असे कोणी म्हणत नाही. प्रसरणाच्या दराचा वाद तर चालूच आहे. एका मार्गाने मोजला तर दर 67 च्या आसपास येतो, दुसऱ्याने 73 च्या. लमेत्र यांनी काढलेला आकडा 625 होता. तेव्हाची अंतरेच फार कमी धरली गेली होती. अशा सरकत्या आकड्यांवर श्रद्धेची इमारत उभी करावी काय?

मुलीने सारे ऐकून घेतले. मग तिने आम्हाला एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला ठाऊक नव्हती. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडद येथे, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. हायड्रोजनचे अणू 21 सेंटिमीटर लांबीचे रेडिओ तरंग सोडतात. हीही सहीच, फक्त डोळ्यांना न दिसणारी. 2023 साली त्या तबकड्यांनी एका अतिदूरच्या दीर्घिकेचा हाच तरंग पकडल्याचे जाहीर झाले, तेव्हा तो ताणून 48 सेंटिमीटरचा झालेला होता. निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती. "आणि तो नारायणगावच्या टोमॅटोच्या शेतांत उतरला, फादर!" असे म्हणून ती हसली. तिच्या आईने तिला पुष्कळ दिवसांनी हसताना पाहिले असावे. ती स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली.

ती मिस्सेला येऊ लागली, असे लिहिता आले असते तर आम्हाला आनंद झाला असता. अद्याप तसे नाही. पण गेल्या नोव्हेंबरात तिने आपली लहान दुर्बीण आणून चर्चच्या मैदानात मुलांना देवयानी दाखविली. ज्यांना पाहावयाची आहे त्यांनी अमावस्येच्या सुमारास, रात्री आठनंतर, दिव्यांपासून दूर जाऊन डोक्यावर पाहावे. भाद्रपदाचा मोठा चौकोन आणि शर्मिष्ठेचा इंग्रजी एम यांच्या मधोमध धुरकट डाग दिसतो, तीच. तिचा प्रकाश निघून सुमारे पंचवीस लाख वर्षे झाली. स्लायफरांच्या तीनशे किलोमीटरांपैकी बराचसा वेग आपल्या सूर्याच्याच आकाशगंगेभोवतीच्या फेरीचा आहे. तो वजा केला तरी ती सेकंदाला शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने आपल्या आकाशगंगेकडे येतच आहे. रांगेतल्या एका मुलाने डोळा लावून पाहिले आणि नाराजीने म्हटले, "काही हलत नाही, ताई." तिने त्याला पुन्हा रांगेत उभे केले आणि कागदावर पेन्सिलीने रेषा काढून ती कशी सरकते ते समजावू लागली. रांग बरीच लांब होती. संध्याकाळच्या नोव्हेनाला आलेली माणसेही तीत थांबली होती.